अक्रोडाच्या पानांआड

आल्टेनहाग,
२७ मे २०१७

प्रिय एकार्ट,

माझं अक्षर ओळखूनही तू हे पाकीट फोडलंस, म्हणजे अर्धं काम झालं. इकडे ठीक आहे. बागेतली रुबार्बची भाजी यंदा माजलीय, गुडघा कुरकुरतो, मांजर पूर्वीसारखंच माझ्यापेक्षा जास्त जेवतं. तिकडे समुद्राकाठी कीलला वारा कसा आहे? तुझ्या इमारतीची लिफ्ट चालते ना? चालत नसेल तर जिना सावकाश चढ, मध्ये थांबत जा. हे आपलं सहज लिहिलं.

आधी कामाचं सांगते. आईच्या पश्चात घर आणि बाग वाटली गेली तेव्हा घराची एक बाजू आणि बागेचा उताराकडचा तुकडा तुझ्याकडे आला. त्यातलं अक्रोडाचं झाड तोडायला तुझी लेखी परवानगी हवी आहे. मला नको आहे, गावात इंटरनेट पसरवणाऱ्या आमच्या जाळेमंडळाला हवी आहे. मी मंडळाची चिटणीस, म्हणून पत्र मी लिहायचं ठरलं. इतक्या वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ पाठवली नाही आणि पहिली पाठवली ती करवतीसाठी, हे मला कळतं. पण कारण ऐकून घे. ते मोठं मजेदार आहे.

टेलिफोनवाल्यांनी गावात जलद केबल आणली ती अग्निशमन दलाच्या इमारतीपर्यंत, आणि तिथे हात झटकले. तेव्हा योस्टनं (रीटाचा मुलगा, वीजकाम करणारा, आता त्याला टक्कल पडलंय) लोकांचे जुने राउटर गोळा करायला सुरुवात केली. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले, माळ्यावर धूळ खात पडलेले. राउटर म्हणजे खरं तर एक छोटा कॉम्प्युटरच. आत कंपनीचं सॉफ्टवेअर असतं, ते कंपनी सांगेल तेवढंच करतं आणि आत डोकावू देत नाही. योस्ट ते पुसून टाकतो आणि त्या जागी लिनक्स घालतो. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणीही उघडून वाचावं आणि हवं तसं बदलावं असं. मग त्याच पेट्या एकमेकींशी बोलायला लागतात. एका खिडकीतली पेटी दुसऱ्या खिडकीतलीला ओळखते, ती तिसरीला, आणि केबल एकाच इमारतीत असली तरी इंटरनेट घरोघर पोचतं.

हे ऐकल्यावर मला चैन पडेना. बंद पेटी मला बघवत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? तुझा पहिला रेडिओ मी उघडला तेव्हा तू रडून घर डोक्यावर घेतलंस, आणि पाचच मिनिटांनी माझ्या शेजारी बसून उरलेले स्क्रू तूच काढलेस.

पहिली पेटी मी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर केली. तळाचं लेबल वाचायचं, मॉडेल आणि त्यापुढचा बारीक आकडा बघायचा, त्याला जुळणारी फाइल उतरवून घ्यायची. मग पेटीच्या स्वतःच्या पानावर जाऊन, जणू कंपनीचीच नवी आवृत्ती घालतोय असं भासवून, आपली फाइल तिच्या घशात सोडायची. ती बिचारी विश्वासानं गिळते. दिवे लुकलुकायला लागतात आणि तेवढा वेळ प्लगला हात लावायचा नाही. मी हात मांडीखाली दाबून बसले होते. अखेर दिवा स्थिर झाला आणि नवं पान उघडलं. साधं, करडं, दागदागिने नसलेलं. पण पेटीच्या पोटात चाललेली एकूण एक गोष्ट त्यात दिसत होती. मी दुपारभर तेच वाचत बसले, स्टोव्हवरचं सूप करपलं.

दुसऱ्या पेटीचा बारीक आकडा मी वाचलाच नाही. तीच कंपनी, तोच डबा, तोच रंग, आतला माल मात्र वेगळा. सगळे दिवे एकदम पेटले आणि पेटी गप्प. मंडळात अशा पेटीला वीट म्हणतात.

"मावशी," योस्ट म्हणाला, "जन्मभर गावाला चष्मे विकलेस, आणि लेबल वाचायचं राहिलं?"

पण त्यानं ती वीट उठवून दाखवली. बटण दाबून धरून वीज सुरू केली की ती क्षणभर केबलमधून एका ठरावीक नावाच्या फाइलसाठी हाक मारते. तेवढ्यात कॉम्प्युटरनं ती पुढे केली तर उठून बसते. आत काही उरलेलं नसताना हाक मारायचं तेवढं तिला कसं येतं? योस्टला नीट सांगता येईना. तू बोटींच्या इंजिनांचा माणूस, तुला कदाचित येईल.

आता झाडाकडे येते. दरीत खाली मूलेनग्रुंडमध्ये लहान मुलं असलेलं घर आता एकच, टाबेआचं. हॅनोवरहून आली, जुनी गिरणी विकत घेतली, दोन मुली, नवरा नाही. बहिऱ्या लोकांसाठी टीव्हीवरच्या कार्यक्रमांखाली ज्या ओळी येतात ना, त्या ती घरी बसून लिहिते. त्याला जलद इंटरनेट लागतं. आमचं जाळं तिच्यापर्यंत टिकलं नाही तर ती गिरणी विकून परत शहरात जाणार. फेब्रुवारीत आम्ही दलाच्या मनोऱ्यावर, जिथे पाण्याचे पाइप वाळत टांगतात तिथे, एक अँटेना बसवली आणि दुसरी गिरणीच्या छपरावर. मनोऱ्यावरून गिरणीचं धुराडं स्वच्छ दिसत होतं. पहिल्याच दिवशी जोडणी अशी सुसाट लागली की टाबेआनं घमेलंभर बटाट्याचं सॅलड केलं आणि योस्टनं भाषण ठोकलं.

एप्रिलभर झकास चाललं. सफरचंदाला बहर आला, बीचची झाडं हिरवी झाली, तरी झकास. मग मे महिन्यातले हिमसंतांचे गारठ्याचे दिवस सरले आणि जोडणी रडायला लागली.

आमच्यासारख्या माणसांची गंमत बघ. बिघाड म्हटलं की आम्हाला सॉफ्टवेअरच दिसतं. अर्धं मंडळ म्हणे, नव्या आवृत्तीत दोष आहे, जुनी घाला. उरलेलं अर्धं म्हणे, दोष जुनीतलाच आहे, याहून नवी घाला. दोन्ही टोकांच्या पेट्या आम्ही पुसल्या, भरल्या, पुन्हा पुसल्या. सभेत आवाज चढले, योस्ट एकदा दार आपटून गेला. खिडकीबाहेर मात्र कुणी बघितलं नाही. मीसुद्धा नाही.

परवा दुपारी मी स्वयंपाकघरातून टाबेआशी साध्या फोनवर बोलत होते. ती गिरणीत कॉम्प्युटरसमोर बसली होती.

"आलं," ती म्हणाली. "गेलं. आलं, आलं... गेलं. गेझिना, तुम्ही तिकडे काय करताय?"

"काही नाही. उभी आहे."

"मग तशाच उभ्या राहा, कशाला हात लावू नका. आलं! अरे देवा, गेलं."

बाहेर वारा सुटला होता आणि मनोरा नि गिरणी यांच्या बरोबर मध्ये तुझा अक्रोड डुलत होता. फांदी बाजूला झाली की टाबेआ म्हणे आलं, फांदी परत आली की म्हणे गेलं. मी फोन धरून हसत सुटले. अक्रोड सगळ्या झाडांच्या मागून पानं काढतो हे आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. पानांत पाणी असतं आणि ते पाणी या लहरी पिऊन टाकतं. आम्ही सगळ्या शहाण्यांनी मिळून ते जाळं उघड्याबोडक्या झाडातून ओवलं होतं.

मनोरा उंच करायला परवानगी नाही. म्हणून मंडळाचं म्हणणं, झाड तोडावं. योस्टचा मेहुणा करवत घेऊन तयारच आहे, फक्त तुझी सही हवी. मला लिहायला सांगितलं ते मी लिहिलं. पण घाई करू नकोस. या दिवसांत अक्रोड कापला तर बुंध्यातून पाणी गळत राहतं असं म्हणतात. वर कुठल्यातरी पक्ष्याचं घरटंही आहे. नाही म्हणालास तरी मी मंडळाला समजावेन. आणि जूनमध्ये तुझ्यामागे दुसरं काही असेल तर हे बाजूला ठेव, चालेल.

जिन्यात थांबत जा, एवढं मात्र ऐक.

गेझिना

*

आल्टेनहाग,
१० जून २०१७

एकार्ट,

तुझं कार्ड मिळालं. पुढे फेरीबोटीचं चित्र, मागे "तोडा. परवानगी आहे. ए."

ते मी मंडळात वाचून दाखवलं नाही. आधी पीठ मळलं, मग खिडक्या पुसल्या, मग पुन्हा कार्ड वाचलं, आणि मला तुझा इतका संताप आला की मांजर कपाटावर जाऊन बसलं.

मला माहीत आहे. आल्मुटनं सांगितलं. तिला बोलू नकोस, मी तिला कोंडीत पकडलं होतं, आणि पोटात काही ठेवणं आपल्या चुलत बहिणीला कधी जमलंय? हृदयाची झडप. वीस तारखेला शस्त्रक्रिया. हे मला मागचं पत्र लिहिण्याआधीच माहीत होतं. लिफ्टबद्दल विचारत बसले ते त्यामुळेच. तू स्वतःहून सांगशील म्हणून मी वाट बघत होते.

आल्मुट हेही म्हणाली की तू घर रिकामं करतोयस. हत्यारं शेजाऱ्याला दिलीस, पुस्तकं वाचनालयाला. आता झाड योस्टच्या मेहुण्याला. सगळं कसं नीट आवरून, मागे कुणाला त्रास नको. माझं पत्र तुला त्यासाठी अगदी वेळेवर मिळालं म्हणायचं.

ते झाड बाबांनी तू जन्मलास त्या शरदात लावलं. मागच्या पत्रात मी हे लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर हात थांबला असता. माझ्या वेळी त्यांनी नाशपाती लावली होती, ती वादळात कधीच उन्मळून पडली आणि मी बघ, टुणटुणीत आहे. तेव्हा झाडाच्या आयुष्याचा माणसाच्या आयुष्याशी काही संबंध नसतो, हे मला कुणी शिकवायला नको. तरीही तू टेबलावर छाती उघडून पडलेला असताना मी तुझ्या झाडाला करवत लागू देणार नाही. मला वेडी म्हण. पूर्वी याहून वाईट म्हणाला आहेस.

गुरुवारी सभेत मी सांगितलं, झाड तोडायचं नाही. योस्ट म्हणाला, "मालक नाही म्हणाला का?"

"मालक हो म्हणाला."

"मग?"

"मालकाला काय कळतंय?"

सगळे हसले, टाबेआ हसली नाही. ती माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाली, "गेझिना, गिरणी विकायची की नाही, हे मला या महिन्यात ठरवायचंय. दलाल पाटी लावूनसुद्धा गेला. तुमच्या भावाला मी ओळखत नाही, माझ्या मुलींना ओळखते. मोठी विचारत होती, नव्या शाळेत तिचं नाव कधी घालायचं."

ती बरोबर बोलत होती, आणि मला झाड हवं होतं, आणि ती जायला नको होती. तिला सारं सांगितलं असतं तर ती गप्प बसली असती, पण तुझं दुखणं मी भर सभेत काढणार नव्हते. मी पंधरा दिवस मागून घेतले आणि बाहेर पडले.

घरी येताना बागेच्या वरच्या कडेनं आले. तिथे थांबून मनोऱ्याकडे बघितलं, मग गिरणीकडे, मग वळून घराकडे. जन्मभर लोकांना दिसतंय का विचारत आले आणि ही गोष्ट मला या वयात दिसली. तुझ्या बाजूच्या माळ्याची खिडकी! तिथून मनोराही दिसतो आणि दरीही, अक्रोड राहतो डावीकडे. एक पेटी मनोऱ्याकडे तोंड करून, दुसरी गिरणीकडे, आणि झाडाला वळसा. माझ्या बाजूच्या माळ्यावरून हे जमत नाही, मी चढून बघितलं (गुडघ्याबद्दल विचारू नकोस). मंडळात कुणाच्या डोक्यात हे आलं नाही, कारण तुझी बाजू बंद असते आणि तिचा विषय माझ्यासमोर कुणी काढत नाही.

किल्ली तुझ्याकडे आहे. योस्ट कुलूप तोडायला निघाला होता, मी अडवलं. आईला घरी ठेवायचं की वृद्धाश्रमात, यावरून आपण एकमेकांना जे बोललो ते राहू दे. मी बरोबर होते असं मला अजून वाटतं, तुलाही तू बरोबर होतास असं वाटत असणार. पण तुझ्या दारातून मी तुझ्या किल्लीनंच आत जाईन.

किल्ली पाठव. आणि 'तोडा' हा शब्द मला पुन्हा लिहू नकोस.

गेझिना

*

आल्टेनहाग,
१८ जून २०१७, रविवार

माझ्या लाडक्या एकार्ट,

हे पत्र उद्या आल्मुट घेऊन येईल, त्यामुळे पोस्टाची धाकधूक नाही.

किल्ली गुरुवारी मिळाली. खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आणि वर्तमानपत्राच्या समासात चारही बाजूंनी तुझं ते मुंगीसारखं अक्षर. मला आधी वाटलं निरवानिरव लिहिली असेल. भिंग घेऊन खिडकीत गेले. बघते तर सगळे प्रश्न. एकामागून एक, नमस्कार नाही, चमत्कार नाही, नुसते प्रश्न! एकार्ट, मी आधी रडले, मग भिंग पुसून पुन्हा वाचलं. आवराआवर करायला बसलेला माणूस राउटरच्या पोटात काय चालतं ते विचारत नाही.

तुझ्या बाजूला गेले. दार फुगलंय, खांदा लावावा लागला. आत उंदरांनी मजा केली आहे, पण छप्पर कोरडं आहे. माळ्यावर योस्टनं दोन्ही पेट्या खिडकीत बसवल्या आणि मी माझ्या कॉम्प्युटरवरून त्यांना मार्ग शिकवला. मग मी टाबेआला फोन लावला.

"आलं," ती म्हणाली.

मी थांबले. "आणि?" मी विचारलं. "गेलं का?"

"नाही. बाहेर वारा आहे ना?"

"भरपूर आहे."

"तरी आहे ते आहेच," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज विचित्र झाला, म्हणून मी सॅलडबद्दल काहीतरी बोलून फोन ठेवला. आज सकाळी दलालाची पाटी तिनं स्वतः उपटली. मुलींनी ती कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावली आहे. तुझा अक्रोड उभा आहे आणि आता त्याला हव्या तेवढ्या पानांनी डुलू दे.

आता तुझे प्रश्न. दोन पेट्या एकाच खिडकीत एकमेकींच्या कानात ओरडत नाहीत, कारण त्यांना वेगवेगळे सूर नेमून दिले आहेत. वीज गेली तरी शिकवलेलं विसरत नाहीत. कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर परत घालता येतं, बहुतेक पेट्यांत. आजवर कुणाला तशी इच्छा झालेली नाही. आणि हो, आतलं सगळं वाचता येतं, प्रत्येक ओळ, मी सुरुवात केली आहे आणि मला दहातली एक कळते.

राहिला शेवटचा, तो तुझ्याच शब्दांत: पानांतलं पाणी लहरी पितं म्हणतेस, तर फेब्रुवारीत त्याच फांद्यांवर बर्फाचे थर होते, तेही पाणीच, मग ते का पीत नव्हतं?

या प्रश्नानं मला छळलं. फेब्रुवारीत बर्फ होतं हे मी विसरूनच गेले होते. तू कार्डावरच्या एका ओळीत झाड देऊन टाकलंस, आणि कीलमध्ये बसून त्याच्या फांद्यांवर काय होतं ते आठवत होतास. मी योस्टला विचारलं. तो म्हणाला, "थांब मावशी, शोधून सांगतो." मी त्याला दटावलं, शोधलंस तर याद राख. जगात कुणाला तरी याचं उत्तर नक्की माहीत असेल, पुस्तकातही असेल. मला तिथून नको आहे.

मला भीती वाटते, एकार्ट. मंगळवारी सकाळी मी काय करणार आहे मला माहीत नाही. आल्मुट दुपारी फोन करेल म्हणाली, तोवर बहुधा घरात आहे ती प्रत्येक पेटी उघडीन. तू मला हवा आहेस. भांडायला, नुसता बसायला, कशालाही. हे आधीच लिहायला हवं होतं म्हणून उगाळत बसत नाही, आत्ता लिहिते आहे.

तेव्हा असं ठरलं. बरा होऊन तू इथे येणार, तुझ्या बाजूला मी उबेसाठी स्टोव्ह पेटवून ठेवीन. बर्फ पडलं की मनोऱ्यावरची आणि गिरणीवरची अँटेना पुन्हा थेट समोरासमोर लावायची, झाडातून. एकानं गिरणीत बसून आकडे वाचायचे आणि दुसऱ्यानं झाडाखाली उभं राहून लांब काठीनं फांद्यांवरचं बर्फ पाडायचं. काठी मी धरीन, तुला आता तसली कामं नकोत. आकडे तू वाच. एकट्याचं हे काम नाही आणि योस्टला मी जवळ फिरकू देणार नाही. तू आला नाहीस, तर ते उत्तर मला मरेपर्यंत कळणार नाही, आणि मला कसं होतं ते तुला माहीत आहे.

बर्फाची वाट बघणारी,
तुझी थोरली बहीण
गेझिना